पुरात भिजलेली गाडी आणि १८७२चा घोडा

सीटबेल्ट ओढून बघायचा. रोज लावताना ओढतो तेवढा नव्हे, पार शेवटपर्यंत, आतलं रीळ संपेपर्यंत. माझ्या गाडीचा बेल्ट मिस्त्रीनं असा ओढला तेव्हा शेवटची वीतभर पट्टी चहाच्या रंगाची निघाली. वरचा भाग काळाभोर, शाम्पूनं धुतलेला. खालचा ताठ, खरखरीत. आणि दोन्हींच्या मध्ये फूटपट्टी लावून आखल्यासारखी रेघ. मिस्त्रीनं त्या रेघेवर अंगठा घासला. मैद्यासारखा बारीक गाळ अंगठ्याला लागला. मग त्यानं पुढच्या सीटखालचं कार्पेट उचकटलं. सीटच्या रुळाचे चारही बोल्ट गंजून लाल, आणि कोपऱ्यात वाळून पांढरी पडलेली, हरभऱ्याएवढी एक गोगलगाय.

"काका, ही गाडी पोहून आलीया," मिस्त्री म्हणाला.

ही गोष्ट जुलै २०२२ची. गाडी मी त्याच वर्षी जानेवारीत घेतली होती, ४ लाख १५ हजारांना.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे फजिती नीट कळेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षं माझं इंजिन बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. सिलिंडरची झीज मायक्रॉनमध्ये मोजून सांगणं हा माझा धंदा. वाकलेला कनेक्टिंग रॉड हातात घेतला की कळतो. २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर माझ्या दारात अशा रॉडांचा ढीग लागला होता. गाडी पाण्यात उभी असते, मालक घाबरून स्टार्टर मारतो, सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. अशी इंजिनं उघडून ज्यानं घर चालवलं, त्याच माणसाच्या गळ्यात पुरातली गाडी पडली. सोनाराला पितळ विकावं तशी.

झालं असं की मुलीची बदली गारगोटीला झाली. एसटीनं जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला यायचा. नवी गाडी घ्यायची तर तेव्हा महिनोन्‌महिने थांबा होता, आणि बजेटही नव्हतं. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस गाड्या ओळीनं लावून बसलेल्या एका विक्रेत्याकडं ओळखीच्या माणसानं नेलं. पांढरी गाडी, कोल्हापूरचं एमएच ०९ पासिंग, मीटरवर ६२ हजार किलोमीटर. विक्रेता पोरगेला, गोड बोलणारा. "डॉक्टरची गाडी हाय काका, एकहाती वापर." आपल्याकडं जुन्या बाजारातली निम्मी गाडी डॉक्टरची असते आणि उरलेली बँक मॅनेजरची, इतके डॉक्टर जिल्ह्यात असते तर सीपीआर दवाखान्यात रांग लागली नसती.

मी बॉनेट उघडलं. थंड इंजिन चालू केलं, आवाज ऐकला, ऑईल बोटावर घेतलं, धूर बघितला, शिरोलीपर्यंत फेरी मारून आलो. इंजिन ठणठणीत होतं. कुणीतरी ते नीट उघडून, धुऊन, पुन्हा बसवलं होतं, कदाचित माझ्याच गल्लीत. जे मला कळतं ते मी बघितलं. जे कळत नाही, म्हणजे वायरिंग, सेन्सर, ईसीएम, ते सगळं आजकाल कार्पेटखाली आणि डॅशबोर्डमागं असतं. आजची गाडी म्हणजे वायरिंगचा भारा, त्याला एक इंजिन जोडलेलं.

मग मी प्रश्न विचारला. तो प्रश्न मला आज शब्दन्‌शब्द आठवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. मी विचारलं, "ॲक्सिडेंट वगैरे?"

"आईशप्पत काका, एक ठोका न्हाई."

आणि ते खरं होतं. गाडीला एक ठोका नव्हता. पाण्याचं मी विचारलं नाही, पाण्याचं तो बोलला नाही. व्यवहार झाला.

पहिल्या पावसात गाडी बोलायला लागली. रात्री दोनला दारात उभ्या उभ्या हॉर्न वाजायचा. सेंट्रल लॉक स्वतःच खाटखाट करायचं. आणि जुलैत एका संध्याकाळी मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं चालत्या गाडीचं पॉवर स्टीअरिंग बंद पडलं. मुलीनं दोन्ही हातांनी रेटून गाडी कशीबशी कडेला घेतली. फोनवर तिचा आवाज थरथरत होता. त्या रात्री माझ्या डोक्यात पैशाचा हिशोब नव्हता.

मिस्त्रीकडून निघालो तो थेट आरसी बुकावरच्या पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. डॉक्टर निघाला किराणा दुकानदार. माणूस दारात आला, गाडी बघितली, आणि माझ्या आधी तोच बोलला. "काका, ही तर पुरातली. तुमाला सांगितलं न्हाई व्हय त्यानं?" २०२१च्या जुलैत त्याच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं. गाडी तीन दिवस आत. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे भरपाई शून्य. त्यानं विक्रेत्याला सगळं सांगून, आहे त्या अवस्थेत, १ लाख १० हजारांना गाडी दिली होती. बायकोसमोर सांगितलं, पोरासमोर सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खोटं बोलायचं कारणच नव्हतं.

मग ती माहिती गेली कुठं? पत्र्याच्या शेडमध्ये शिरली आणि तिथंच जिरली.

जुन्या गाडीच्या बाजारात सगळा खेळ इथं आहे. ज्यांनी कधी व्यवहार केला नाही त्यांच्यासाठी जरा उलगडून सांगतो. गाडी नावावर करायला आरटीओचे दोन फॉर्म लागतात, २९ आणि ३०. पहिला मालक विक्रेत्याला गाडी देतो तेव्हा हे फॉर्म कोरे सही करून देतो. घेणाऱ्याचं नाव रिकामं. गाडी शेडमध्ये दोन महिने राहो की आठ महिने, कागदावर ती अजून पहिल्याच मालकाची. गिऱ्हाईक मिळालं की रिकाम्या जागेत त्याचं नाव पडतं. म्हणजे सरकारदरबारी मला गाडी विकली ती किराणा दुकानदारानं. ज्यानं १ लाख १० हजारांत घेतली, कार्पेट धुतलं, अत्तराची बाटली आरशाला लटकवली आणि ४ लाख १५ हजारांना माझ्या गळ्यात मारली, तो गडी कागदावर कुठंच नाही. मधल्या मधे तीन लाख रुपये हवेतून आले आणि हवेत गेले. पावती मागितली तेव्हा तो म्हणाला होता, "आपल्यात पावती कशाला काका?"

कोऱ्या सह्या देणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावं. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी रजिस्टरवर ज्याचं नाव त्याच्यावर. गाडी चार हातांतून फिरलेली असली तरी. तुमची कोरी सही शेडमध्ये पडून आहे आणि कुणीतरी ट्रायलला नेलेल्या गाडीनं माणूस उडवला, तर नोटीस तुमच्या घरी येणार.

आता घोड्याकडं येतो.

माझा एक शाळासोबती वकील आहे. त्याच्यासमोर मी तावातावानं सगळं मांडलं. फसवणूक आहे, उघड फसवणूक आहे. त्यानं शांतपणे कपाटातून भारतीय करार कायदा काढला, १८७२चा, आणि कलम १७ उघडलं. फसवणूक म्हणजे काय, हे त्या कलमात आहे, आणि समजावून द्यायला उदाहरण आहे घोड्याचं. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे. तो घेणाऱ्याला काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक होत नाही.

मी हादरलोच. म्हटलं, संपलं सगळं. वकील म्हणाला, पुढं वाच. घेणारी विकणाऱ्याची स्वतःची मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली, तर त्या नात्यामुळं खोट सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि त्याच्या पुढचं उदाहरण तर बघाच. घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धड आहे असं मी धरून चालेन." विकणारा गप्प राहतो. इथं त्याचं गप्प बसणं हेच बोलणं.

इंग्रजांनी लिहिलेला, दीडशे वर्षांपूर्वीचा, घोडागाडीच्या काळातला कायदा, आणि माझ्या पांढऱ्या गाडीचं भविष्य त्यातल्या एका वाक्यावर अडलेलं. तो एक प्रश्न मी विचारला असता तर! "ॲक्सिडेंट वगैरे" ऐवजी "पाण्यात होती का? नाही म्हणाला नाहीस तर कोरडी समजतो." पंधरा शब्द सुद्धा नाहीत.

गंमत अशी की हे शहाणपण आपल्या भागाला नवीन नाही. वडगावच्या जनावरांच्या बाजारात मी लहानपणी आजोबांबरोबर जायचो. हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे, ते आम्हा पोरांना जादूसारखं वाटायचं. बैलाचा दात बघणं, चालवून बघणं हे घेणाऱ्याचं काम. पण बैल मारका आहे का, औताला बसतो का, ही खोड विकणाऱ्यानं सांगायची असा रिवाज होता. खोड सांगून विकलेल्या बैलाची तक्रार करायची नाही, आणि न सांगता विकला असेल तर पुढच्या बाजारी परत आणून बांधायचा. सगळे हेडी काही हरिश्चंद्र नव्हते, पण पुढच्या आठवड्यात त्याच झाडाखाली उभं राहायचं असल्यामुळं जिभेला थोडा लगाम असायचा. आणि गंगावेशीतला आमचा दूधकट्टा? तिथं तर म्हैस समोर, धार समोर, फेसाळता पेला हातात. पाणी घालायला जागाच नाही. दुधाच्या बाबतीत एवढं चोखंदळ असलेलं गाव चार लाखांची गाडी आरशाला लटकलेल्या अत्तराच्या वासावर घेतं.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. नाही दिली तर हा लेख लिहायचा मला अधिकार नाही.

२००५ सालीही पंचगंगेला पूर आला होता. तेव्हा आमच्याकडं ओम्नी होती. शुक्रवार पेठेत भावाच्या घराशेजारी ती लावलेली, आणि पाणी सीटच्या वर चढलं. पाणी उतरल्यावर मी स्वतः इंजिन उघडलं, साफ केलं, सीटा उन्हात वाळवल्या, दिवाळी झाल्यावर एका शेतकऱ्याला विकून टाकली. त्यानं टायर बघितले, दारं उघडून आपटून बघितली, पण पाण्याचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या वेळी मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट चांगला भाव आला म्हणून घरी बासुंदी झाली. पुढं दोन-तीन वर्षांनी लक्ष्मीपुरीत तो माणूस लांबून दिसला आणि माझे पाय आपोआप दुसऱ्या गल्लीत वळले. म्हणजे आत कुठंतरी ठाऊक होतंच. सोळा-सतरा वर्षांनी तीच गोष्ट माझ्या मुलीच्या गाडीत परत आली. हिशोब चुकता झाला, असं बायको म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही.

म्हणून "विक्रेते बदमाश, गिऱ्हाईक बिचारं" असं सोपं गणित मी मांडणार नाही. गप्प बसण्यात नफा असेल तर बहुतेक माणसं गप्प बसतात. मीही बसलो. माणसं सुधारायची वाट बघण्यापेक्षा गप्प बसणं महाग करणं सोपं आहे.

कायदा ते थोडंफार करतो, पण कुणासाठी आणि कुणाविरुद्ध, हे बघावं लागतं. एखाद्या घरगुती माणसानं स्वतःची गाडी दुसऱ्या घरगुती माणसाला विकली, तर ग्राहक आयोगाचं दार सहसा उघडत नाही. तिथं १८७२चा घोडा आणि दिवाणी कोर्ट. पण विकणारा धंदा म्हणून गाड्या विकत असेल तर चित्र बदलतं. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, गुणवत्ता आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्कच सांगितलाय. दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा. आणि ज्यावर माझा वकील मित्र टेबल ठोकून हसला ते असं, की बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा याच कायद्यात अनुचित प्रथा आहे. "आपल्यात पावती कशाला" हे आपुलकीचं वाक्य नाही, ती स्वतंत्र अनुचित प्रथा आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायचं. आधी विचारपूस करायची तर १९१५ हा सरकारी मदत क्रमांक आहे.

पण विक्रेता कागदावरच नाही, तो विक्रेता होता हे शाबीत कसं करायचं? माझं नशीब म्हणजे ५० हजारांचा विसार मी मोबाईलवरून पाठवला होता, थेट त्याच्या खात्यावर. उरलेले रोख. आणि व्हॉट्सॲपवर त्याचा एक मेसेज होता: "काका गाडी एकदम क्लीन आहे डोळे झाकून घ्या." वकिलानं तो मेसेज, विसाराची नोंद, किराणा दुकानदाराचं लेखी म्हणणं आणि मिस्त्रीनं काढलेले फोटो जोडून रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. गोगलगायीचा फोटो पहिल्या पानावर. तीन आठवड्यांत विक्रेता घरी आला, बरोबर दोन वजनदार माणसं घेऊन. चहा झाला, आवाज चढले, उतरले. शेवटी ९० हजार परत देऊन मिटलं. आयोगात गेलो असतो तर जास्त मिळालं असतं, असं मित्र अजून म्हणतो. मी थकलो होतो. तक्रारी अर्ध्यावर सुटतात त्या अशा, आणि पत्र्याच्या शेडला हे चांगलं माहीत असतं.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नवा नियम आला. जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या विक्रेत्यांना आता आरटीओकडून परवानगी घ्यायची आहे, ती ५ वर्षं चालते. मालकानं गाडी विक्रेत्याकडं दिली की तशी सूचना पोर्टलवर द्यायची, आणि तिथून पुढं गाडीची जबाबदारी विक्रेत्याची. गाडी कुणी कुठं फिरवली याची नोंदही त्यानं ठेवायची. कोऱ्या सहीचा खेळ बंद करायला हे बरोबर औषध आहे. आधी दोन वर्षं आलं असतं तर माझ्या गाडीच्या कागदावर त्या पोरग्याचं नाव आलं असतं. मात्र शेड बदललेली मला अजून दिसली नाही. गेल्या वर्षी एका नातेवाइकाबरोबर तीन ठिकाणी फिरलो. "तुमचं परवानगीपत्र दाखवा" म्हटल्यावर एकानं दाखवलं, एकानं "काम चालू आहे" म्हणून सांगितलं आणि तिसऱ्यानं मला इन्कमटॅक्सवाला समजून चहा मागवला.

पण या नियमाचाही रोख गाडी कुणाच्या ताब्यात, यावर आहे. गाडी भिजली होती का, हे विचारणारा रकाना कुठाय? फॉर्म २९मध्ये गाडीवर कर्जाचा बोजा नाही असं मालक लिहून देतो. तिथंच आणखी तीन ओळी वाढवायला किती शाई लागते? ही गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का, हो किंवा नाही. विमा कंपनीनं ही टोटल लॉस ठरवली होती का, हो किंवा नाही. आज मीटरवर आकडा किती. खाली सही. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मी परिवहन खात्याला लेखी पाठवली आहे. एकदा "नाही" वर सही झाली की गप्प बसण्याचा प्रश्नच उरत नाही. मग ते लेखी खोटं ठरतं, आणि घोड्याचं पहिलं उदाहरण विकणाऱ्याच्या मदतीला येत नाही.

टोटल लॉसचं मुद्दाम म्हणतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी पूर्ण रक्कम देऊन मोकळी होते आणि सांगाडा लिलावात जातो. सांगाड्यानं भंगारात जावं अशी अपेक्षा. पण आरसी जिवंत असेल तर सांगाडा उठून चालायला लागतो. या दाव्यांची नोंद विमा कंपन्यांकडं संगणकात आहे. ती घेणाऱ्याला गाडीच्या नंबरवर दिसायला हवी. कितवा मालक, विमा कधी संपतो, हे एम-परिवहनवर आज बघता येतंच. त्याच पडद्यावर आणखी एक ओळ.

माझा भाचा ह्यूस्टनला आहे. २०१७च्या हार्वे वादळात तिथं बेसुमार गाड्या बुडाल्या. तो सांगतो की तिकडं बहुतेक राज्यांत बुडालेल्या, विम्यानं निकालात काढलेल्या गाडीच्या मालकी कागदावर तसा शिक्काच पडतो, आणि विक्रेत्याला प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर हमी आहे की "आहे तशी" हे सांगणारा कागद चिकटवावा लागतो. तिकडंही चोर आहेत. एका राज्यातला शिक्का दुसऱ्या राज्यात नेऊन धुऊन काढतात. तरी धुवायला का होईना, शिक्का आहे.

माझ्या ओळखीचे काही विक्रेते या मागणीवर रागावलेत. त्यांचं म्हणणं, "असा रकाना आला तर कोल्हापूरच्या गाडीला कुत्रं विचारणार नाही." मला वाटतं, आजच विचारत नाही. सोलापूरचा एक जण माझ्या मित्राची गाडी बघायला आला. टाकाळ्यावरची गाडी, तिथं पूर चढायचा म्हणजे अर्धं कोल्हापूर बुडावं लागेल. पण त्यानं नंबर प्लेट बघितली आणि पहिलं वाक्य टाकलं, "एमएच शून्य नऊ? मग चाळीस हजार कमी." २०१९ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं आणि २०२१ला ५६च्या, धोक्याची पातळी ४३. महामार्ग शिरोलीला बंद पडलेला सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिला. तेव्हा आपल्या गाड्यांवर संशय येणारच. कुठली भिजली, कुठली नाही, हे सांगायची सोय नाही म्हणून भिजलेलीचा दंड कोरडीनं भरायचा. जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७० साली जुन्या गाड्यांच्याच बाजारावर नेमकं हे मांडलं. विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सगळ्यांनाच पडेल भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक गाडी घरीच ठेवतो, आणि बाजारात उरतात त्या खोट असलेल्या गाड्या. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. टाकाळ्यावरच्या माझ्या मित्राला चाळीस हजारांचा फटका.

आणि हे एकट्या कोल्हापूरचं दुखणं नाही. २०२१च्या त्याच जुलैत चिपळूण बुडालं. एमएच ०८च्या गाड्या घाट चढून इकडं येतात, आपल्या गाड्या दुष्काळी मुलखात जातात, जिथं पुराचं पाणी कुणी बघितलेलंच नाही. तिथल्या माणसाला सीटबेल्ट ओढून बघायचं सुचणार कसं?

माझी गाडी मी दुरुस्त केली. वायरिंगचा पूर्ण हार्नेस बदलला, स्टीअरिंगची मोटर बदलली, दीड वर्ष स्वतः चालवली, मुलीला परत दिली नाही. २०२४च्या उन्हाळ्यात विकायला काढली. एका कागदावर सगळं लिहिलं: कुठल्या पुरात, किती दिवस, काय बदललं, काय जुनंच आहे. भाव १ लाख ८० हजार.

पहिलं गिऱ्हाईक कागद वाचून हसलं आणि गेलं. दुसऱ्यानं दोनदा वाचला, माझ्याकडं वरून खालून बघितलं आणि बायकोला हळूच म्हणाला, ते मला ऐकू आलं: "एवढं सांगतोय म्हंजे आत आणखी मोटं कायतर असणार." तेही गेले.

तिसरा कागलकडचा, वडापावची गाडी लावणारा. त्यानं कागद घडी करून खिशात घातला, सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला, रेघ बघितली, परत सोडला. "कागदात लिवायचं काय ऱ्हायलंय का काका?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं, डावीकडची मागची काच अर्ध्यावर अडकते.

"मग ते बी लिवा," म्हणाला, आणि पेन पुढं केलं.